मानसिंगची विरळणी

शरयू जमदाडेच्या स्वयंपाकघरात एक कात्री आहे. लांब, निमुळती, टोकाला पक्ष्याच्या चोचीसारखी बारीक. अमेरिकेत हर्नडनला आल्यापासून एकोणीस वर्षं तिने त्या कात्रीने कोथिंबीर कापली, मसाल्यांची पाकिटं उघडली, लेकीच्या, रुहीच्या शाळेच्या प्रोजेक्टचे पुठ्ठे कापले. घरी येणारं कुणी विचारायचं, ही असली कसली कात्री? शरयू सांगायची, "विरळणीची." आणि समोरच्याचा चेहरा तसाच कोरा राहायचा.

विरळणी तासगावकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. द्राक्षाला मणी धरले, की घडात गर्दी होते. मग बायका ओळीओळीने बसून प्रत्येक घडातले मधले मणी कातरून काढतात. उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. कॉलेजात कॉम्प्युटर शिकत असताना शरयू दर डिसेंबरात मणेराजुरीला घरी जायची आणि वडिलांच्या बागेत विरळणीला बसायची. तिचे वडील, दिगंबरआप्पा, सगळ्या बायांदेखत म्हणायचे, "आमच्या शरीचा घड बघा. शंभर मणी म्हणजे शंभर. एकशे एक नाही."

पुढे लग्न झालं. नवरा रवी हर्नडनला नोकरीला होता, तीही तिथेच सॉफ्टवेअर टेस्टर झाली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे काम तिने चौदा वर्षं केलं. मग एका मंगळवारी पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर कंपनीने तिची सगळी टीमच बंद केली. शरयू पंचेचाळीस वर्षांची होती. रवीच्या मित्राने दुसरीकडे कॉन्ट्रॅक्ट मिळवून देतो म्हणून सांगितलं. शरयू "बघते" म्हणाली, आणि बघितलं नाही.

त्याच हिवाळ्यात एका शनिवारी ती दोघं पश्चिमेला, डोंगरांच्या बाजूला भटकायला गेली होती. रस्त्याच्या कडेला लाकडी फळीवर हाताने लिहिलं होतं : द्राक्षाच्या छाटणीला माणसं हवीत. "रवी, गाडी थांबव," शरयू म्हणाली.

"आता? वॉशरूम पुढे आहे."

"थांबव रे."

बाग मिसेस टॉलिव्हर यांची होती. या बाईंचं आडनाव लिहायचं टालिआफेरो आणि म्हणायचं टॉलिव्हर. व्हर्जिनियात अशी जुनी आडनावं आहेत म्हणे. वय एकाहत्तर, उंच, वाकडा गुडघा, कमी बोलणं. त्यांनी शरयूच्या हातात छाटणीची कात्री दिली आणि एका वेलीकडे बोट दाखवलं. शरयू वेलीभोवती एक फेरी मारून आली. तिला विचारायचं होतं, काडीवर किती डोळे ठेवायचे? आपल्याकडे काडीवरच्या फुटीच्या जागेला डोळाच म्हणतात. घाईघाईत ती इंग्रजीतही तेच बोलून गेली, "हाउ मेनी आइज शुड आय लीव्ह?"

मिसेस टॉलिव्हरांनी तिच्याकडे बघितलं. "दोन्ही राहू दे," त्या म्हणाल्या. "मला लागतात."

मग शरयूने बोटाने काडीवरचे डोळे दाखवले, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. सोमवारपासून ये म्हणाल्या. नाव मात्र त्यांच्या जिभेवर बसेना. शरयूचं शॅरयू झालं, शॅरयूचं शेरी.

"आई, शेरी इज लिटरली अ वाइन," रुही घरी म्हणाली.

"असू दे. चौदा वर्षं मी ऑफिसात शॅरन होते. हे बरंय."

बागेत चार जातींची द्राक्षं होती. त्यातली तीन शरयूला समजली. चौथी समजेना. डोंगराकडच्या उतारावर दोन एकर, पांढऱ्या वाइनचं द्राक्ष, नाव 'पती मांसांग'. मूळचं फ्रान्सच्या नैऋत्येचं, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याचं. इकडे व्हर्जिनियात येऊन काही दशकंच झाली, पण इथल्या दमट हवेत असं रमलं, की आता लोक त्याला इथलंच मानतात. फ्रेंच माणूस नाव कसं म्हणतो आणि मिसेस टॉलिव्हर कसं म्हणतात, यात मोठं अंतर होतं. रवीने तिसराच उच्चार काढला.

"पती मानसिंग? मग मी कोण?"

"तू सध्या तरी मुख्य पती. पण त्याची दोन एकर जमीन आहे, विचार कर."

तेव्हापासून घरात त्या द्राक्षाचं नाव मानसिंग पडलं.

जूनमध्ये मणी धरले. एका सकाळी मिसेस टॉलिव्हर मानसिंगच्या तिसऱ्या ओळीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या ओळीला थिनिंग कर. मी गुडघा दाखवून संध्याकाळपर्यंत येते." त्यांची गाडी गेली. शरयूच्या अंगात उत्साह मावेना. थिनिंग म्हणजे विरळणी! हे तर आपलंच काम. बागेतली जाड कात्री त्याला चालणार नव्हती. पण आदल्याच दिवशी तिने घरची चोचीची कात्री पिशवीत टाकली होती, उगाच, हाताला सवय म्हणून.

ती ओळीत बसली. एकेक घड तळहातावर घेऊन आतले मणी कातरू लागली. दुपारचा डबा खायलाही उठली नाही. वीस वर्षांनी बोटांना सगळं आठवत होतं. वरचा खांदा मोकळा करायचा, मग मधला भाग, मग शेंडा खुडायचा. संध्याकाळपर्यंत पाऊण ओळ झाली. प्रत्येक घड विंचरून ठेवल्यासारखा.

मिसेस टॉलिव्हर आल्या. जमिनीवर पडलेल्या हिरव्या मण्यांचा सडा त्यांनी पाहिला. मग घड पाहिले. मग शरयूच्या हातातली कात्री.

"शेरी, हे काय केलंस?"

"थिनिंग."

"थिनिंग म्हणजे वेलीवर जास्त झालेले घड काढायचे. अख्खे घड. मण्यांची हजामत कोण करतं?"

"आमच्याकडे करतात. म्हणजे मणी मोठे होतात."

"मला मोठे मणी नकोत!" बाई जवळजवळ ओरडल्याच. मग श्वास घेऊन त्यांनी सांगितलं, की वाइनची सगळी गंमत सालीत असते. मणी लहान, तर साल जास्त. हे द्राक्ष लावलं जातं तेच त्याच्या बारीक, जाड सालीच्या मण्यासाठी.

शरयूला वाटलं, जमीन दुभंगावी. आयुष्यभर जे काम सगळ्यात चांगलं येतं म्हणून मिरवलं, तेच इथे चूक ठरलं होतं.

मिसेस टॉलिव्हरांनी तिला काढून टाकलं नाही. त्या म्हणाल्या, "ही ओळ आता अशीच राहू दे. पण तोडणी होईपर्यंत या दोन एकरांत तू कात्री लावायची नाहीस. आधी ओळख करून घे त्याची. तुला पुढच्या हंगामात ठेवायचं की नाही, ते तोडणी झाल्यावर बघू."

घरी ती रवीला म्हणाली, "मला हे काम हवंय रे. त्या कॉन्ट्रॅक्टवाल्याला नाही म्हणून कळव."

"आणि तोडणीनंतर बाई नाही म्हणाल्या तर?"

"तोवर ओळख होते की."

टेस्टरची ओळख करून घ्यायची पद्धत ठरलेली असते : वही आणि आकडे. जुलैपासून शरयूने रोज मानसिंगची एक ओळ पायाखाली घातली. पानाच्या मागे डावणी दिसते का, देठावर भुरी आहे का, हे तिला दुरूनही कळायचं. त्या रोगांना तिकडे आणि इकडे नावं वेगळी, तोंडावळा एकच. ऑगस्टमध्ये मण्यात पाणी उतरलं, म्हणजे हिरवा दगड मऊ आणि काचेसारखा झाला, तेव्हा तिने आप्पांना व्हिडिओ कॉल लावून घड दाखवला.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आप्पांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीन डोळ्याला लावली. "शरे, हे काय ज्वारीचं कणीस दाखवतीस?"

"आप्पा, घड आहे."

"मणी केवढा?"

"वाटाण्याएवढा."

"फुगवणच झाली नाही. औषधात बुडवले नाहीत का घड?"

"बुडवायचे नाहीत. बारीकच हवेत त्यांना."

"बारीकच हवेत," आप्पा मागे कुणाला तरी म्हणाले. "अमेरिकेत बारीक मण्याला भाव आहे बघा. आम्ही उगाच मेलो."

सप्टेंबरात तिला खरं कोडं भेटलं. आप्पांनी शिकवलेला एक नियम तिला पाठ होता : द्राक्षात गोडी आली, की आंबटपणा जातो. एक पारडं वर, एक खाली. मानसिंगला हा नियम कुणी सांगितला नव्हता. शरयू रोज मण्यांचा रस काढायची, साखर मापायच्या छोट्या दुर्बिणीत बघायची, मग कोठारातल्या टेबलावर रसात थेंब थेंब औषध टाकून, रंग गुलाबी होईपर्यंत मोजून आंबटपणा काढायची. साखर साडेतेवीसवर गेली. तासगावला एवढ्या गोडीवर बाग केव्हाच रिकामी झाली असती. आणि आंबटपणा अजून कच्च्या करवंदाचा. मणी तोंडात टाकला, की आधी साखरआंबा लागायचा, मग कानामागे झिणझिण्या यायच्या.

मिसेस टॉलिव्हरांनी तिला गेल्या वर्षीची वाइन दिली. शरयूच्या घरात कुणी कधी थेंब घेतला नव्हता. तिने लहान घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि मग बाईंनी दाखवलं तसा बादलीत थुंकला.

"काय लागतं?"

"अननस. मध. आणि लिंबाचं लोणचं."

"लोणचं?"

"जुनं. साखरेतलं. आजारी माणसाला देतात ते."

बाईंनी स्वतःचा ग्लास पुन्हा नाकाशी नेला. "हं," त्या म्हणाल्या.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मिसेस टॉलिव्हरांना सोमवारची तारीख मिळाली. आणि दक्षिणेकडच्या समुद्रात उठलेल्या वादळाचं शेपूट गुरुवारी या भागावरून जाणार, दोन दिवस मोठा पाऊस, असा अंदाज आला. मानसिंग अजून वेलीवर होता. तोडणीची टोळी बुधवारी येऊ शकत होती. बुधवार हुकला, तर पुढचे दहा दिवस टोळी दुसऱ्या बागांत अडकलेली.

"बुधवारी तोडलं तर वाइन होईल, पण दात आंबतील," शनिवारी बाई म्हणाल्या. "थांबलो तर कदाचित फार चांगली होईल. कदाचित काहीच होणार नाही. सोमवारी मी भुलीत असेन, मंगळवारी गोळ्यांवर. माझ्या त्या डोक्यावर मी विश्वास ठेवणार नाही. टोळीला मंगळवारी दुपारपर्यंत हो की नाही कळव."

"मी?"

"तीन महिने ओळख करून घेते आहेस ना?"

शरयू गाडीत बसली, पण किल्ली फिरवली नाही. पिकलेलं द्राक्ष आणि पाऊस म्हणजे काय, हे तिने नववीत असताना बघितलं होतं. रात्रभर पाऊस आणि सकाळी बागभर तडकलेले मणी, त्यांवर माश्या. आप्पांनी एक घड हातात घेऊन उलटा केला होता आणि त्यातून रस ठिबकला होता. तिच्या अंगातलं तासगाव ओरडत होतं : तोड, बुधवारीच तोड.

पण टेस्टरला ओरडण्यावर भरवसा नसतो. तिला आधी मोडून बघावं लागतं.

रविवारी दुपारी तिने तीन बादल्या घेतल्या. एकीत किराणा दुकानातली हिरवी बिनबियांची द्राक्षं, दुसरीत शेजारच्या प्लॉटवर पाखरांसाठी उरलेली शार्डने जातीची, तिसरीत मानसिंग. प्रत्येकी शंभर मणी, देठासकट कापलेले, पाण्यात बुडवलेले. बादल्या सावलीत हव्यात म्हणून न्हाणीघराच्या टबात मांडल्या.

"आई! व्हाय आर देअर ग्रेप्स इन द बाथटब?"

"स्ट्रेस टेस्ट चालू आहे. तू खालच्या बाथरूममध्ये जा."

"धिस इज सो वीअर्ड," रुही म्हणाली. पण सोमवारी सकाळी शाळेआधी तीच मोजायला बसली. किराणा दुकानाचे एकतीस मणी तडकले होते. शार्डनेचे चव्वेचाळीस. मानसिंगचे तीन.

"थ्री? ओन्ली थ्री?" रुहीने पुन्हा मोजले. तीनच.

शरयूने लगेच आप्पांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बादलीतलं पाणी आणि आभाळातलं पाणी एक नव्हे, बाई. मणी तडकला नाही, तरी घडाच्या आत पाणी अडकून बसतं. दोन दिवसांनी आतून कूज लागते. बाहेरून घड गोरागोमटा, आत भुगा."

"मग काय बघू?"

"घड उजेडात धर. आरपार दिसतं का बघ. दिसलं तर वारा जाईल. वारा गेला तर वाळेल."

ती बागेत गेली. मधल्या ओळीतला, जूनमध्ये कात्री न लागलेला एक घड तिने डोळ्यांसमोर धरला. मण्यांच्या फटींतून पलीकडचं लाल कोठार दिसत होतं. दुसरा घड धरला. कोठाराचं दार दिसलं. वीस घड बघितले. प्रत्येकातून काही ना काही दिसत होतं, कुंपण, आभाळ, स्वतःची गाडी. एकही मणी दुसऱ्यावर रेटून बसलेला नव्हता.

"आप्पा," ती फोनवर म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "याची विरळणी झालेलीच असते. जन्मतःच."

"मग तू जूनमध्ये दिवसभर काय केलंस?"

"टकल्याची हजामत केली."

आप्पा खोकला येईपर्यंत हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "मी असतो तर बुधवारी तोडलं असतं. पण मी त्या द्राक्षाला ओळखत नाही. तू ओळखतेस."

मंगळवारी अकरा वाजता तिने टोळीच्या मुकादमाला फोन केला आणि सांगितलं, बुधवारी नको, दहा दिवसांनी या. फोन ठेवल्यावर ती अर्धा तास वेलींमधल्या गवतावर बसून राहिली.

गुरुवारी, शुक्रवारी पाऊस पडला. मोजायच्या नळीत चार इंच. शनिवारी ती रेनकोट घालून आत शिरली, तेव्हा वेलीच्या पानापानातून पाणी गळत होतं. साखर मापली : साडेतेवीसची बावीसवर आली होती. रसात पाणी शिरलं होतं. खालच्या खोलगट भागात, जिथे हवा साचते, तिथल्या दोन ओळींत काही घड तपकिरी पडू लागलेले. तिने मिसेस टॉलिव्हरांना फोन करून जसंच्या तसं सांगितलं. साखर पडली. खालच्या दोन ओळींत कूज आहे. बाकी घड शाबूत आहेत, पण उद्याचं माहीत नाही.

"वारा कुठला आहे?" बाईंचा आवाज गोळ्यांमुळे जड होता.

"वायव्येचा. कोरडा."

"मग घरी जा आणि जेव."

तीन दिवस वारा वाहिला. शरयू रोज घडातून आरपार बघायची. कोठार दिसत राहिलं. पाचव्या दिवशी साखर पुन्हा साडेतेवीस. आठव्या दिवशी पंचवीस. आणि आंबटपणा पहिल्यांदाच एक पायरी उतरला. कच्चं करवंद आता जाळीतल्या पिकल्या करवंदावर आलं होतं.

तोडणीच्या सकाळी मिसेस टॉलिव्हर वॉकर घेऊन आल्या. गवतात वॉकर रुतत होता, मदत मात्र कुणाची घेईनात. कुजलेल्या दोन ओळींतले खराब घड टोळीने जमिनीवर टाकले. एका मोठ्या पेटीभर नुकसान. बाईंनी तिकडे बघितलं आणि पुढे गेल्या. मधल्या ओळीतला एक मणी तोंडात टाकला. साल बराच वेळ चावली. बी दातांत फोडली.

"लोणचं," त्या म्हणाल्या.

"चांगलं की वाईट?"

"जुनं. साखरेतलं." मग त्यांनी वॉकर उचलून तिसऱ्या ओळीकडे रोखला. "ती ओळ टोळीला देऊ नकोस. ती तू तोड. वेगळी ठेव. तू एवढी कात्री चालवलीस, तर त्याने झालं तरी काय, हे मला बघायचंय."

शरयूलाही तेच बघायचं होतं. खरं तर जूनपासून तिला दुसरं काही एवढं बघायचं नव्हतं. मनात एक छोटी, न सांगितलेली आशा होती, की आपल्या ओळीत काही तरी खास निघेल. तिने घड तोडले, पेट्या भरल्या, काट्यावर चढवल्या. शेजारच्या ओळीपेक्षा वजन पाव हिश्श्याने कमी. मग दोन्ही ओळींचा रस काढून दुर्बिणीत बघितला. शेजारची ओळ : पंचवीस पूर्णांक आठ. तिची ओळ : पंचवीस पूर्णांक आठ. आंबटपणा मोजला. तोही सारखा. दोन्ही रस दोघींनी चाखले, ग्लासांची अदलाबदल करून पुन्हा चाखले. काडीचा फरक नाही.

"म्हणजे तो अख्खा दिवस फुकट," शरयू म्हणाली.

"पाव ओळ द्राक्षंही," मिसेस टॉलिव्हर म्हणाल्या. त्या पिंपावर बसल्या होत्या, पाय लांब करून. "पण मी तीस वर्षं हे द्राक्ष लावते, आणि मण्यांची हजामत केली तर काय होतं, हे मला कुणी सांगू शकलं नसतं. आता माहीत आहे. काही होत नाही."

शरयूने वही काढून ते लिहून ठेवलं. ओळ तीन, विरळणी, फरक शून्य. टेस्टरच्या वहीत शून्यालाही जागा असते.

"जानेवारीत छाटणी," बाई वही बंद व्हायची वाट बघून म्हणाल्या. "या दोन एकरांची. काडीवर डोळे किती ठेवायचे, ते तू ठरव."

"दोन," शरयू म्हणाली.

"माझे धरून?"

"तुमचे सोडून."

संध्याकाळी घरी आल्यावर तिने पिशवीतली चोचीची कात्री धुतली, पुसली आणि ओट्यावरच्या डब्यात, सांडशीशेजारी ठेवून दिली. मग कोथिंबीर निवडायला घेतली.